व्हाईटवॉटर कयाकिंग शिकायचंय, नोव्हेंबरपर्यंत पुण्यात राहून काय तयारी करू?

व्हाईटवॉटर कयाकिंग म्हणजे खळाळत्या नदीत छोट्या, वरून बंद बोटीत एकट्याने बसून वल्हवणं. विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं की वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, कोलाडला तीनदा राफ्टिंग झालंय, पूलमध्ये न थांबता २० लॅप मारता येतात, आणि नोव्हेंबरात हृषीकेशला ५ दिवसांचा बिगिनर कोर्स बुक केलाय. आत्ता जून चालू आहे. तर जिम लावू का, कुठले मसल बनवू, रोल, म्हणजे उलटी झालेली बोट आत बसल्या बसल्या सरळ करणं, यूट्यूबवर बघून जमेल का, आणि ताई, ऑनलाईन मिळते ती फुगवायची कयाक घेऊन पावसाळ्यात जवळच्या नदीत हात साफ केला तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण पूर्ण वाचून होईपर्यंत कोणीतरी ऑर्डर टाकून मोकळा झालेला असतो. नाही चालणार. ती कयाक तळ्यात फोटो काढायला ठीक आहे. वाहत्या पाण्यात ती वाऱ्याने आणि धारेने जिकडे नेईल तिकडे जाते, तिला तुझ्या कमरेची भाषा कळत नाही. आणि पावसाळ्यातली आपली नदी म्हणजे गढूळ पाणी, त्यात वाहून आलेली झाडं, काटेरी तारा, बुडालेले पंप, आणि मध्येच कुठेतरी बंधारा. मी १५ वर्षं हा उद्योग करतेय, तरी जुलैमध्ये घाटाखालच्या अनोळखी नदीत बोट टाकायची माझी छाती नाही.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. माझं माहेर रोह्याचं, कुंडलिकेच्या काठचं. लहानपणी आमच्याकडे सकाळी "भिऱ्याचं पाणी आलं" असं म्हणायचे, मग कपडे धुणाऱ्या बायका वरच्या दगडावर सरकायच्या. हे पाणी मुळशी धरणाचं, ज्याच्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला ते धरण. ते पाणी खरं तर मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि मग बंगालच्या उपसागरात जायचं, पण १९२७ पासून ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला तू तीनदा ज्याच्यावर हाय-फाइव्ह केलंस ते हेच, वीज बनवून झालेलं पाणी. दुपारनंतर ते उतरतं आणि सकाळी जिथे लाट होती तिथे नुसते दगड दिसतात. हे मुद्दाम सांगतेय. जमलं तर एकदा कोलाडला जा आणि राफ्टिंग न करता नुसता काठावर बस, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, त्याच जागी. लाट कुठल्या दगडामुळे उठत होती ते डोळ्यांनी दिसेल. हा धडा हृषीकेशला मिळत नाही, कारण गंगा तळ दाखवत नाही.

राफ्टिंगचा अनुभव कयाकिंगला किती कामाचा? थोडा. पाण्याची भीती गेली असेल, लाईफ जॅकेट घालून एकदा तरी पडला असशील, तेवढं जमेत धर. बाकी राफ्टमध्ये आठ माणसं "फॉरवर्ड" म्हटलं की वल्हवतात आणि नदी वाचायचं काम मागे बसलेला गाईड करतो. कयाकमध्ये तू जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसलेला असतोस, राफ्टमधून जी लाट गुडघ्याएवढी वाटली ती आता तोंडासमोर येते, आणि गाईड तूच.

तयारी म्हणून बहुतेक लोक दंड कमावतात. बिगिनर बॅचमध्ये मी सगळ्यात जास्त हाल बघितलेत ते चांगल्या तब्येतीच्या पोरांचे. बोट उलटली की ते ताकद लावतात, आणि उलट्या बोटीत ताकद कशावरही लागत नाही. नोव्हेंबरपर्यंत तुला उलटं असताना शांत राहायला शिकायचंय, एवढं एक जमलं तर बाकीचं पाच दिवसांत शिकवता येतं, आणि हे जमलं नसेल तर पाच दिवस त्यातच जातात.

काय होतं ते सांगते. बोटीत कमरेपर्यंत घुसून बसायचं, मांड्या वरच्या ब्रेसखाली, म्हणजे मांडी अडकवायच्या आधारांखाली, पाय पुढे टेकलेले, आणि कमरेला स्प्रे स्कर्ट, म्हणजे निओप्रीनचा घागरा म्हण, तो कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या भोकाच्या, कडेला ताणून बसवायचा म्हणजे पाणी आत येत नाही. पहिल्यांदा कोणी मुद्दाम बोट उलटी केली की नाकात पाणी जातं, थेट कपाळापर्यंत झिणझिण्या जातात. आवाज बदलतो, वरची सगळी बडबड बंद, आतून नुसता गुडगुड. डावं-उजवं कळत नाही. या क्षणी शरीर आपोआप दोन गोष्टी करतं, मान मागे टाकतं आणि पाय ताठ करतं, आणि दोन्ही चूक. मान मागे गेली की तोंड आणि छाती उघडी पडते, खाली दगड असेल तर तो तोंडावर. पाय ताठ झाले की मांड्या ब्रेसमध्ये अजून घट्ट अडकतात आणि माणसाला वाटतं मी अडकलो.

करायचं असं. पुढे वाकायचं, कपाळ डेककडे, म्हणजे बोटीच्या वरच्या बाजूकडे, जणू कोणाच्या पाया पडतोयस. दोन्ही हात बाहेर काढून बोटीच्या बुडावर तीनदा थाप मारायची. ही थाप उगाच नाही, ती मारेपर्यंत डोकं ताळ्यावर येतं. मग हात कडेकडेने पुढे न्यायचे, स्कर्टच्या पुढच्या टोकाला एक पट्टा असतो, ग्रॅब लूप, तो आधी पुढे ओढायचा, मग वर. स्कर्ट निघाला की हात कमरेजवळ कडेवर टेकायचे, गुडघे जवळ आणायचे आणि बसल्या जागी पॅन्ट उतरवतो तशी बोट अंगावरून उतरवायची. सगळं मिळून पाचेक सेकंद लागतात. पहिल्या वेळेला माणूस वर येऊन सांगतो, अर्धा मिनिट तरी आत होतो ना? मी हातात घड्याळ धरून उभी असते, सहा सेकंद झालेले असतात. याला वेट एक्झिट म्हणतात. आणि हो, पाण्यात जायच्या आधी दर वेळी तो लूप स्कर्टच्या बाहेर आहे ना ते हात लावून बघायचं. आत दुमडून राहिला तर पकडायला काहीच नाही. मी आजही बघते.

हे सगळं बोट नसताना पुण्यातल्या पूलमध्ये करता येतं, निदान अर्धं. तुझे २० लॅप चांगले आहेत पण ते गॉगल लावून, रेषेवरून, भिंतीला ढकलून. आता गॉगल काढ. पाण्याखाली कोलांट्या मार, पुढची, मागची, दोन सलग, आणि थांबल्यावर डोळे उघडून वर कुठे आहे ते शोध. नाकाने हळू हवा सोडत राहायची सवय लाव, सोडत राहिलास तर पाणी आत शिरत नाही. काठाचा बार धरून पाण्यात उलटा हो आणि दहापर्यंत मोज. घाईने मोजलेले दहा नाहीत, एक हजार एक, एक हजार दोन असे. एक ताकीद, हे एकट्याने अजिबात नाही. काठावर माणूस उभा कर, लाईफगार्डला आधी सांग काय करतोयस, आणि बुडी मारायच्या आधी भसाभसा दीर्घ श्वास घेऊन "साठा" करायचा प्रकार करू नको. त्याने कार्बन डायऑक्साईड कमी होतो, श्वास घ्यायची हाक मेंदूला उशिरा जाते आणि चांगला पोहणारा माणूस आवाज न करता पाण्याखाली बेशुद्ध होतो.

मल्लखांब केलेली मुलं माझ्याकडे आली की मला आनंद होतो, त्यांना उलटं होणं ही बातमीच नसते.

पोहण्यात अजून दोन गोष्टी घाल. एक, डोकं वर ठेवून फ्रीस्टाईल, वॉटरपोलोवाले पोहतात तसं, २५ मीटर जोरात, थोडं थांबून परत. दमायला होतं, पण नदीत बोट सोडून पोहायची वेळ आली की हेच लागतं, कारण कुठे जायचंय ते बघत जायचंय. दोन, शर्ट, शॉर्ट आणि बूट घालून पोहून बघ, पूलवाल्यांनी परवानगी दिली तर. आमच्या इथल्या एका पूलने दिली नव्हती, वर लेक्चर दिलं, मग आम्ही ओळखीने एका फार्महाऊसचा पूल मिळवला. शेततळ्यात मात्र कोणी सुचवलं तरी जाऊ नको. त्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणारासुद्धा काठावर चढू शकत नाही, दरवर्षी त्यात माणसं जातात.

नदीत पडल्यावर कसं पोहायचं हे कोर्समध्ये शिकवतील, तरी डोक्यात आत्तापासून भिनवून ठेव. उथळ आणि दगडी असेल तर पाठीवर, पाय वर, पावलं प्रवाहाच्या दिशेला, दगड आला की पायाने ढकलायचा. जागा दिसली, काठ जवळ आहे, तर लगेच पोटावर वळून तिरकं जोरात पोहायचं. आणि वाहत्या पाण्यात, ते गुडघ्याच्या वर असेल तर, उभं राहायचं नाही. हे सगळ्यांना पटतं आणि पडल्यावर सगळे उभे राहतात. पाऊल दोन दगडांत रुततं, पाणी पाठीवर दाबतं, माणूस पुढे वाकतो आणि मग उठता येत नाही, कमरेएवढ्या पाण्यात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. बातम्यांमध्ये "धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग" ऐकतोस ना, तर ३५ क्युसेक म्हणजे साधारण एक घनमीटर दर सेकंदाला. पुढच्या वेळी खडकवासल्याचा आकडा ऐकलास की टनात करून बघ, मग कळेल ताकदीने काही होत नाही असं मी का म्हणतेय.

आता पाणी वाचणं. याच्यासाठी महाराष्ट्रातला पावसाळा हे सगळ्यात भारी पुस्तक आहे आणि फुकट आहे, फक्त काठावर बसून वाचायचं. मोठी नदी नको, छोटा ओढा घे, घोट्याएवढ्या पाण्याचा, रस्त्याकडेचा सुद्धा चालेल. एक करवंटी घे आणि वरून सोड. ती आधी दोन दगडांच्या मधल्या गुळगुळीत, काचेसारख्या जिभेवर जाईल, इंग्रजी व्ही सारखा आकार, टोक खाली प्रवाहाकडे. ही वाट. जिथे व्हीचं टोक वर, तुझ्याकडे, तिथे टोकावर दगड आहे, दिसत नसला तरी. मग करवंटी एखाद्या मोठ्या दगडाच्या बाजूने जाताना अचानक थबकेल, कडेला खेचली जाईल, आणि चक्क उलटी, वरच्या दिशेला, दगडाच्या पाठीकडे चालू लागेल. तिथे गोल फिरत राहील. ही एडी. नदीतलं पार्किंग म्हण. आमच्याकडे गळ टाकणाऱ्यांना ती कधीपासून माहीत, मासा तिथेच दम खात बसतो. एडीतलं वर जाणारं पाणी आणि बाहेरचं खाली जाणारं पाणी यांच्यामधली जी रेघ, बारीक बारीक भोवऱ्यांची, ती एडी लाईन. करवंटी त्या रेघेवर कशी गर्रकन फिरते ते दहा वेळा बघ. नोव्हेंबरमध्ये त्या करवंटीत तू बसलेला असशील.

मी स्वतः पहिल्या दिवशी हृषीकेशजवळच्या शिवपुरीला त्या रेघेवर सात वेळा उलटले. रॅपिडमध्ये, म्हणजे दगडांतून खळाळत उतरणाऱ्या पाण्यात, नाही, लाटेत नाही, त्या रेघेवर. एडीतून निघाले, बोटीचं नाक मुख्य धारेत गेलं, धारेने नाक खाली ओढलं, माझं अंग मात्र अजून एडीत, आणि मी घाबरून ज्या बाजूने पाणी येत होतं तिकडे झुकले. पाणी बोटीच्या वरच्या कडेवर चढलं आणि खेळ खलास, इतक्या झटक्यात की श्वास घ्यायलाही वेळ नाही. बरोबर उलटं करायचं असतं. जिकडून पाणी येतंय तिकडे बोटीचं पोट दाखवायचं, म्हणजे प्रवाहाच्या दिशेला कलायचं. ताम्हिणीत बाईक वळवताना वळणाच्या आत कलतोस ना, तसंच. फरक एवढाच की इथे खांदे बाहेर टाकायचे नाहीत, डोकं बोटीच्या मधोमध ठेवायचं आणि कमरेखालून कलायचं, एका बाजूच्या बुडावर वजन आणि दुसऱ्या बाजूचा गुडघा वर. आणि दगडावर आडवा जाऊन आपटलास तर दगडापासून दूर झुकू नको, त्याला मिठी मार. प्रत्येकाचं शरीर आधी लांब पळतं, लांब झुकलं की पाणी वरच्या कडेवर बसतं आणि बोट दगडाला चिकटून राहते.

हा कमरेचा खेळ घरी करता येतो. जमिनीवर पाय पसरून बस, पाठ सरळ, गुडघे किंचित बाहेर, एका बाजूने बूड उचल, डोकं न हलवता. मग दुसऱ्या. टीव्ही बघताना कर. सुरुवातीला दोन मिनिटांत मांडीमागच्या शिरा ओरडतील. कयाकमध्ये याच अवस्थेत दोन-तीन तास बसायचंय आणि पायाला मुंग्या आल्या की लोकांचं सगळं लक्ष तिकडेच जातं, नदी राहते बाजूला. म्हणून जिमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी मांडीमागचा ताण आणि कंबर मोकळी कर, पश्चिमोत्तानासन, पायाचे स्ट्रेच, कमरेतून पिळे. सूर्यनमस्कार घालत असशील तर सोडू नको. मग पाठ आणि खांदे, पण वजन मारण्यापेक्षा रबर बँडचे छोटे व्यायाम, खांदा आतून आणि बाहेरून फिरवायचे, कंटाळवाणे असतात ते. तालमीत ओळख असेल तर हलकं मुद्गल फिरवायला शीक, खांद्याला त्याच्याइतकं चांगलं मला काही माहीत नाही. दम वाढवायला टेकडी चढ, पर्वती काय, वेताळ टेकडी काय. बेंच प्रेस नाही केलास तरी काही बिघडत नाही.

खांद्याबद्दल एवढं का बोलतेय, तर माझा उजवा निखळलाय. तिसऱ्या वर्षी, नदी ओळखीची, रॅपिड सोपा, बोट डुगडुगली आणि मी पॅडल डोक्याच्या वर, हात लांब मागे टाकून पाण्यावर आपटलं आधाराला. पाण्याने पॅडल मागे खेचलं, आतमध्ये कोंबडीची तंगडी मोडताना होतो तसा आवाज आला, आणि हात माझा राहिला नाही. ज्यांच्याबरोबर गेले होते त्या लोकांकडे साधी झोळी करायला त्रिकोणी फडकं नव्हतं, माझ्या ओढणीने हात बांधला आणि दीड तास जीपमधून. चार महिने पॅडलला हात नाही लावला. तेव्हापासून मी शिकवताना पहिल्या तासाला हेच शिकवते. समोर टेबल आहे असं समज, दोन्ही हात नेहमी त्या टेबलावर. कोपर खांद्याच्या खाली आणि अंगाच्या पुढे. मागे काही करायचंय तर हात मागे न्यायचा नाही, अख्खं धड वळवायचं, छातीचं तोंड तिकडे.

रोल. यूट्यूबवर बघ, बघायला काही हरकत नाही, पण त्यात पॅडल दिसतं आणि सगळे पॅडलकडे बघतात. बोट सरळ होते ती कमरेच्या झटक्याने, हिप स्नॅपने. पॅडल फक्त क्षणभर टेकायला. आणि डोकं सगळ्यात शेवटी वर यायला पाहिजे. डोकं चार-पाच किलोचं, ते आधी उचललंस की तेवढं वजन बोटीला परत खाली ढकलतं. पण बुडणाऱ्या माणसाला हवा तोंडाने घ्यायची असते ना, तो डोकंच आधी उचलणार. म्हणून परत तेच, आत शांत राहता आलं पाहिजे. पुण्यात कोणाकडे बोट असेल आणि पूल मिळत असेल तर काठ धरून हिप स्नॅप कर, शंभर वेळा, कान खांद्याला... नाही, असं सांगितलं की गोंधळ होतो. गाल पाण्यावर ठेव आणि गुडघ्याने बोट स्वतःखाली ओढ, असं म्हणते. पाच दिवसांत रोल जमला तर पेढे वाट. नाही जमला तर तो फेल्युअर नाही, मला पूलमध्ये जमायला एक महिना आणि नदीत घाबरलेल्या अवस्थेत जमायला अख्खा सीझन लागला. रोल न येणाऱ्याला नदीत पोहून बाहेर यायला आणि सोबतच्याला त्याची बोट पकडायला आलं की शिकणं सुरू राहतं.

सपाट पाण्याचा सराव पवनेला किंवा मुळशीच्या बॅकवॉटरला भाड्याने मिळणाऱ्या सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न घुसता वर बसायच्या, बोटींवर कर, पाऊस आणि वारा नसेल त्या दिवशी, लाईफ जॅकेट घालून. त्यावर एजिंग, म्हणजे कमरेखालून बोट कलवणं, येणार नाही पण फॉरवर्ड स्ट्रोक बसेल. पॅडल पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाल, कमरेजवळ बाहेर काढ, हात जवळजवळ सरळ ठेवून धड फिरव. दंड दुखले तर चुकतोयस, पोटाच्या कडा दुखल्या तर बरोबर चाललंय. बोट सरळ रेषेत शंभर मीटर नेता येणं वाटतं तितकं सोपं नाही, व्हाईटवॉटर बोट तर आखूड आणि खालून सपाट, ती सरळ जायलाच तयार नसते.

बंधाऱ्याचं राहिलं. आपल्याकडे जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, केटी वेअर. वरून पाणी एकसारखं, सुंदर, गुळगुळीत पडतं, उंची फार वाटत नाही, आणि वाटतं याच्यावरून बोट सहज जाईल. खाली पडलेलं पाणी तळाला जाऊन परत वर येतं आणि बंधाऱ्याच्याच दिशेला मागे फिरतं. त्यात सापडलेला माणूस, बोट, ओंडका, सगळं तिथेच फिरत राहतं, लाईफ जॅकेट असलं तरी. नैसर्गिक होलला, म्हणजे दगडाखाली पाणी असंच मागे फिरतं त्या जागेला, बहुतेक कुठेतरी कडेला सुटायची जागा असते, बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघ, सुटायला जागा नाही. नदीत आडवी सरळ रेघ दिसली की आधी काठाला लागायचं, मग चालत जाऊन बघायचं, आणि बोट खांद्यावर घेऊन पुढे जायचं. तसंच पाण्यात वाकलेली झाडं. पाणी फांद्यांतून गाळून जातं, माणूस चहाच्या गाळणीतल्या पत्तीसारखा मागे राहतो.

हृषीकेशच्या कोर्सबद्दल. पावसाळ्यात तिथे राफ्टिंग बंद असतं, सप्टेंबरअखेर सुरू होतं, नोव्हेंबर म्हणजे पाणी उतरलेलं, स्वच्छ हिरवं आणि थंड. थंड म्हणजे कुंडलिकेच्या मानाने नाहीच, बर्फाचं पाणी. डोकं आत गेलं की कपाळात आईस्क्रीम खाल्ल्यासारखी कळ येते. कॉटनचा टी-शर्ट अजिबात नको. वेटसूट आणि वरून स्प्लॅश जॅकेट ते देतात का ते आत्ताच फोन करून विचार, साईजसकट. अजून विचार, एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकणारे? तीन-चार ठीक, सात-आठ म्हणाले तर दुसरीकडे बघ. पहिला दिवस कुठे? शांत पाण्यात किंवा पूलमध्ये म्हणाले तर बरं. पहिल्याच दिवशी रॅपिडवर नेतो असं फुशारकीने सांगणाऱ्यापासून लांब राहा. रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स ही नावं ऐकून चढून जाऊ नको, राफ्टमध्ये मजा वाटणारे रॅपिड बोटीत वेगळे असतात, आणि कौडियालाच्या पट्ट्यातला द वॉल नावाचा अवघड रॅपिड तर तुझ्या या ट्रिपच्या यादीत नाहीच. थंडी सोसत नसेल तर पुढच्या वेळी नेपाळमधली लोअर सेती बघ, पोखऱ्याहून जवळ, पाणी कोमट, वाळूचे किनारे, बिगिनरला ती नदी फार प्रेमाने वागवते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी निघाली तर कोझिकोडजवळ मलबार रिव्हर फेस्टिव्हल असतो, तिथे नुसतं काठावर उभं राहून एक दिवस बघ, चांगला कयाकर किती कमी वल्हवतो ते.

सामानात हेल्मेट आणि लाईफ जॅकेट ते देतील पण तपासायचं तू. हेल्मेट पट्टा लावून पुढून ढकल, कपाळ उघडं पडलं तर सैल. जॅकेट घालून मित्राला खांद्याचे पट्टे वर ओढायला सांग, हनुवटीपर्यंत आलं तर ते पाण्यात तुला सोडून वर जाणार. पायात घट्ट बसणारे बूट, चप्पल-सँडल नाही. अंगठी, कडं, गळ्यातलं, रुद्राक्षाची माळ सगळं खोलीवर. बायकांना मी मंगळसूत्र काढायला सांगते तेव्हा कधीकधी नवरेच आधी तोंड वाकडं करतात, तरी काढायलाच लावते, अडकायला निमित्त पुरतं. चष्मा असेल तर दोरी बांध, कान फुटलेला असेल, फिट येत असेल, खांदा आधी कधी निखळला असेल तर डॉक्टरला विचार आणि इन्स्ट्रक्टरला पहिल्या दिवशीच सांग, लपवू नको.

खुणा पाठ करून जा, गोंगाटात आवाज ऐकू येत नाही. पॅडल उभं धरलं म्हणजे ये, आडवं धरलं म्हणजे थांब, डोक्यावर हात ठेवला म्हणजे मी ठीक आहे, शिट्टी तीनदा म्हणजे भानगड झालीये. कोणी बोटाने दाखवलं तर ती जायची दिशा, धोक्याकडे बोट दाखवायचं नाही. नदीचा डावा-उजवा काठ नेहमी खाली प्रवाहाकडे तोंड करून ठरतो.

आणि बोट विकत घ्यायचं म्हणशील तर दोन सीझन थांब. तोपर्यंत तुला कळेल की तुझ्या वजनाला आणि पायाच्या लांबीला कुठली बोट बसते, मग हृषीकेशला सीझन संपताना कोणी ना कोणी जुनी विकत असतो, ती बघ. उन्हात ठेवून बूड बसकं झालंय का, सीटच्या खाली भेग आहे का, ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायचं बूच, आहे का. आत्ता पैसे खर्च करायचेच असतील तर चांगली नोज क्लिप घे, आणि दोन घे, पहिली पहिल्याच दिवशी गंगेत जाते.